माझ्या हातांचा हिशेब मागा

मला नोकरीवरून काढलं त्या दिवशी टेबलावर दोन कागद होते. एक बडतर्फीचा. दुसऱ्यावर मी एका जाहीर सभेत केलेलं सहा मिनिटांचं भाषण शब्दन् शब्द टाइप केलेलं, आणि त्यातल्या चार ओळींवर पिवळा हायलायटर फिरवलेला. सोळा वर्षं मी डायलिसिस युनिटमध्ये नर्स होते. माझी एकही नर्सिंग नोट कुणी एवढ्या बारकाईनं वाचल्याचं मला आठवत नाही.

भाषण कशाबद्दल होतं आणि मी कुठल्या बाजूची, हे मी इथे सांगणार नाही. सांगितलं की निम्मे वाचक म्हणतील ‘बरं झालं’, निम्मे म्हणतील ‘घोर अन्याय’, आणि पुढचं वाचायची गरज कुणालाच उरणार नाही. हे मी खात्रीनं म्हणते, कारण माझी स्वतःची रीत हीच होती. आपल्या विचारांच्या डॉक्टरला काढलं की गळचेपी, समोरच्या गटातल्याला काढलं की ‘जिभेला हाड नव्हतं ना, भोगा आता’. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. स्वतःवर वेळ आल्यावर हा दुटप्पीपणा दिसला, यात भूषण काही नाही. पण दिसला.

त्या खोलीत एचआरच्या मॅडम आणि आमच्या मेट्रन होत्या. मेट्रन खिडकीबाहेर बघत होत्या. “सिस्टर, तुमच्या कामाबद्दल आमची काहीच तक्रार नाही,” मॅडम म्हणाल्या. मग कशाबद्दल आहे, मी विचारलं. “पेशंटच्या विश्वासाचा प्रश्न आहे.” कुठल्या पेशंटच्या? यावर मॅडमनी टेबलावरचे कागद सरळ केले. पेशंटनं तक्रार केलीच नव्हती. भाषणाचं रेकॉर्डिंग बाहेरून कुणीतरी पाठवलं होतं, आणि ते कोण हे मला आजतागायत कळलेलं नाही.

तर पेशंटचा विश्वास. आरोग्यसेवेतल्या माणसाला मतांपायी घरी बसवायचं असलं की हा शब्द हमखास पुढे येतो. म्हणून तो जरा उलटापालटा करून बघू.

डायलिसिसचा पेशंट सहसा आठवड्यातून तीनदा येतो आणि दर वेळी चार-चार तास खुर्चीला खिळतो. आठवड्याचे बारा तास आपण सख्ख्या भावंडांनाही देत नाही. त्याच्या हातातली धमनी आणि शीर ऑपरेशन करून एकमेकींना जोडलेली असते, तिला फिस्टुला म्हणतात. त्यावर बोटं टेकवली की मुठीत भुंगा धरल्यासारखी थरथर लागते. त्या थरथरीवरून अंदाज घेऊन दोन जाड सुया घालायच्या, एक रक्त बाहेर न्यायला आणि एक परत आणायला. सुई चुकली तर हात काळानिळा होतो, आणि फिस्टुलाच बंद पडला तर पेशंटच्या जगण्याची वाट बुजते. चार नंबरच्या खुर्चीवर एक काका असायचे. त्यांच्या आणि माझ्या राजकारणाचं विळ्याभोपळ्याचं सख्य. मशीन सुरू झालं की आमची जुंपायची. “तुमच्यासारख्यांनीच वाट लावली,” असं म्हणता म्हणता ते बाही वर सारून हात पुढे करायचे. मी रजेवर असले आणि दुसऱ्या कुणी सुई घातली तर दिवसभर कुरकुर. “तिची सुई लागत नाही,” एवढं एकच चांगलं मत त्यांनी माझ्याबद्दल बाळगलं होतं.

माझ्या विचारांवर त्या माणसाचा कवडीचा विश्वास नव्हता. माझ्या बोटांवर होता, आणि तो सोळा वर्षांत सुईसुईनं जमलेला होता. हॉस्पिटलनं माझं डोकं तपासलं, बोटं तपासलीच नाहीत. आणि ज्याच्या विश्वासाच्या नावानं हे सगळं चाललं होतं, त्या माणसाला कुणी साधं विचारलंही नाही.

इथेच थांबले असते तर लेख सोपा झाला असता. पण आणखी एक प्रसंग आहे, तो मला सोडत नाही. भाषणानंतरच्याच आठवड्यात एक नवीन पेशंट आली, थकलेली, अर्धवट ग्लानीत. मी हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, सिरिंजमध्ये भरत होते. तिची मुलगी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, “सिस्टर, त्या सभेत बोललेल्या तुम्हीच ना?” तिच्या लोकांबद्दल मी सभेत काही वाईट बोलले नव्हते, असं मला वाटत होतं. तिला तसं वाटलेलं नव्हतं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती, सिरिंजकडे बघत होती.

आधी मला राग आला. सोळा वर्षांच्या नोकरीत असा संशय कुणी घेतला नव्हता. मग मी हेपरिनची बाटली तिच्या हातात दिली, लेबल वाचायला सांगितलं, तारीख वाचायला सांगितली, किती काढलं ते सिरिंज उजेडात धरून दाखवलं. शेजारच्या सिस्टरला बोलावलं, दोघींनी मिळून तपासलं, दोघींनी सही केली. दुसरी नर्स हवी असेल तर तीही मिळेल, हे सांगितलं. तिनं दुसरी नर्स मागितली.

त्या मुलीचं काही चुकलं, असं मला आज वाटत नाही. आडवा पडलेला माणूस आणि त्याच्या शेजारी सुई घेऊन उभा राहिलेला माणूस यांच्यात बरोबरी नसते. दुकानदाराचं मत पटलं नाही तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. ग्लानीतली बाई कुठे जाणार? त्यामुळे ‘माझं मत हा माझा प्रश्न’ म्हणून हात झटकणं मला जमत नाही. जाहीर बोलायचं असेल तर काम दुप्पट उघडं ठेवायची जबाबदारी आपोआप येते. पण त्यावरचे उपायही बघा: दोघींनी औषध तपासणं, दोघींच्या सह्या, मागितली तर दुसरी नर्स. हे कुठल्याही चांगल्या युनिटमध्ये आधीपासून असतंच, कारण माणूस दमतो, चुकतो, त्याचं लक्ष उडतं. एक मुलगी घाबरली, तिला पाच मिनिटांत दुसरी नर्स मिळाली, तिच्या आईचं डायलिसिस वेळेवर पार पडलं. या प्रसंगाची तक्रार तिनं केली नाही. नोंद मीच माझ्या हातानं रजिस्टरमध्ये केली होती. बडतर्फीच्या वेळी ते रजिस्टर कुणी उघडलं नाही.

जागतिक वैद्यकीय संघटनेनं १९४८ साली जिनिव्हा जाहीरनामा स्वीकारला. न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांवरचा खटला नुकताच संपला होता, आणि पांढऱ्या कोटातली माणसं काय करू शकतात हे जगानं ऐकलं होतं. त्या जाहीरनाम्यात डॉक्टर शपथ घेतो, की धर्म, राष्ट्रीयत्व, वंश, पक्षीय राजकारण किंवा सामाजिक दर्जा यांना मी माझं कर्तव्य आणि माझा पेशंट यांच्या मध्ये येऊ देणार नाही. मध्ये येऊ देणार नाही, एवढंच. ज्यांनी ते लिहिलं त्यांना डॉक्टर बिनमताचा असावा असं म्हणायचं असतं तर ते लिहिणं काही अवघड नव्हतं.

‘मध्ये’ येणं म्हणजे काय याचीही उदाहरणं आहेत. २०१८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकनं एका निवासी डॉक्टरला काढलं. ज्यूंना मुद्दाम चुकीची औषधं देईन, असं तिनं पूर्वी कधीतरी समाजमाध्यमावर लिहिलेलं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सिडनीच्या बँक्सटाउन हॉस्पिटलमधल्या दोन नर्सिंग कर्मचाऱ्यांचा व्हिडिओ पसरला. इस्रायली पेशंटवर उपचार करणार नाही, असं ते त्यात बोलताना दिसत होते. दोघांना लगेच कामावरून दूर करण्यात आलं. या दोन्ही ठिकाणी मी हॉस्पिटलच्या बाजूची आहे, आणि मला फार विचारही करावा लागत नाही. युद्ध कुणामुळे सुरू झालं, जमीन कुणाची, यावर बोलणं हे मत. अमक्या पेशंटला मी काय करीन हे सांगणं ही कामाबद्दलची घोषणा आहे, आणि ती ऐकल्यावर कुठल्याही मेट्रननं दुसऱ्या दिवशीची ड्युटी लावू नये.

आता माझी चूक. माझ्या समाजमाध्यमावरच्या फोटोत मी युनिफॉर्ममध्ये होते आणि गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र होतं, चिन्हासकट. सहा मिनिटांच्या भाषणाखाली लोक तोच फोटो लावून फिरवत होते. मी हॉस्पिटलच्या वतीनं बोलतेय असं कुणाला वाटलं असेल तर दोष माझा. यासाठी मला मेमो द्यायला हवा होता, फोटो काढायला लावायला हवा होता. मी मान खाली घालून काढला असता. पण मेमोच्या जागी बडतर्फी आली, आणि तीही फोटोसाठी नव्हती.

‘आरोग्यसेवेत राजकारण आणू नका’ हे वाक्य मला नोकरी गेल्यावर महिनाभरात किमान तीसेक जणांनी ऐकवलं. त्यांना मला एकच सांगायचं असतं. मशीन कमी असतात आणि पेशंट जास्त, तेव्हा कुणाला आठवड्यातून तीनऐवजी दोनदाच बोलवायचं हे ठरवताना युनिटमध्ये राजकारण आधीच येऊन बसलेलं असतं. ते आम्ही आणत नाही.

जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विरकोव हे पॅथॉलॉजीतलं केवढं मोठं नाव! १८४८ च्या सुरुवातीला, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या सरकारनं त्याला अप्पर सायलेशिया या भागात टायफस तापाची साथ बघायला पाठवलं. सरकारची अपेक्षा वैद्यकीय अहवालाची होती. त्यानं लिहून आणलं की या साथीवरचं औषध लोकशाही, शिक्षण आणि सुबत्ता हे आहे. तिथल्या पोलिश भाषिक गरिबांना त्यांच्या भाषेतून शिकवा, करांचा बोजा त्यांच्या डोक्यावरून उतरवा. परतल्यावर काही दिवसांतच तो बर्लिनच्या रस्त्यांवर अडथळे उभारणाऱ्या क्रांतिकारकांत होता. क्रांती फसली. १८४९ च्या मार्चअखेरीस बर्लिनच्या शारिते हॉस्पिटलातल्या जागेवरून त्याला काढलं गेलं. नंतर अटी घालून ती जागा परत देऊ केली, पण त्याचं मन उडालं होतं. त्याच वर्षी तो वुर्झबर्गला प्राध्यापक म्हणून गेला, आणि तिथे नेमताना राजकीय उद्योग करणार नाही अशी हमी त्याच्याकडून घेण्यात आली. त्यानं ती दिली. पेशी ही पेशीपासूनच जन्मते, हा सिद्धान्त त्यानं त्या गप्प बसलेल्या वर्षांत मांडला. १८५६ मध्ये बर्लिननं त्याला सन्मानानं परत बोलावलं, आणि पुढे तो प्रशियाच्या विधिमंडळात पंतप्रधान बिस्मार्कशी भांडत बसला.

ही गोष्ट मला सांत्वनासाठी दोघातिघांनी सांगितली. ‘बघा, काढलं म्हणून तर एवढं काम झालं.’ असलं सांत्वन मला सहन होत नाही. विरकोव विरकोव होता म्हणून त्याला वुर्झबर्ग मिळालं. त्याच्या मागे झाडू मारणारा, पट्ट्या बांधणारा कुणी त्याच अडथळ्यांवर उभा असेल, तर त्याचं पुढे काय झालं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

तक्रार करणाऱ्याचं नाव कळत नाही, यातही नवं काही नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक जॉन पीटर्स सरकारी आरोग्य खात्याचे सल्लागार होते. वर्षातून मोजके दिवस काम, संशोधनाच्या अनुदानांवर मत देण्यापुरतं. गुप्त असं काहीच नाही. सर्वांना परवडतील असे उपचार मिळावेत म्हणून ते १९३७ पासून डॉक्टरांच्या एका समितीत धडपडत होते. शीतयुद्धाच्या दिवसांत त्यांच्या निष्ठेबद्दल चौकशी झाली, ते निर्दोष ठरले, पुन्हा चौकशी झाली आणि काढले गेले. आरोप करणाऱ्यांची नावं त्यांना सांगितली गेली नाहीत. १९५५ साली ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले. पण निष्ठेची चौकशी करणाऱ्या मंडळानं आपल्या अधिकाराबाहेर जाऊन फेरचौकशी केली, एवढ्या तांत्रिक मुद्द्यावर. न दिसणाऱ्या माणसाच्या शब्दावर नोकरी घालवणं योग्य का, हा प्रश्न न्यायालयानं हातात घेतलाच नाही. वर्ष संपता संपता पीटर्स वारले.

त्याआधी एकच वर्ष, १९५४ मध्ये, सर्जन एडवर्ड बार्स्की त्याच न्यायालयात हरले होते. ते १९३७ मध्ये स्पेनच्या यादवीत जखमींवर उपचार करून आलेले. पुढे स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या विरोधातल्या निर्वासितांना मदत करणाऱ्या समितीची कागदपत्रं त्यांनी संसदीय चौकशीला दिली नाहीत, त्यापायी तुरुंगात गेले, आणि त्या शिक्षेवरून त्यांचा वैद्यकीय परवाना सहा महिने स्थगित झाला. न्यायालयानं बहुमतानं ते योग्य ठरवलं. न्यायमूर्ती डग्लस यांनी विरोधी मत नोंदवलं, त्याचा आशय असा: स्पेनमधल्या फ्रँकोला विरोध केला म्हणून अमेरिकेतल्या डॉक्टरला जीव वाचवता येत नसतील, तर थांबून आपल्याला जडलेल्या या मनोविकाराकडे नीट बघायची वेळ आली आहे. बार्स्कींनी शस्त्रक्रियेत हयगय केली, असं कुणीच म्हणत नव्हतं.

निष्ठेची भाषा कुठवर जाते याचं टोक नाझी जर्मनीत दिसलं. ७ एप्रिल १९३३ च्या नागरी सेवेच्या कायद्यानं ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून हाकललं, हे सर्वांना माहीत असतं. त्याच कायद्याचं चौथं कलम राजकीय होतं. आजवरच्या राजकीय हालचालींवरून जो ‘राष्ट्रीय राज्याच्या पाठीशी सदैव बिनशर्त उभा राहील’ याची खात्री देत नाही, त्याला काढता येईल. खात्री त्यानं द्यायची. गुन्हा कुणी दाखवायचा नाही.

माझ्या खोलीतला प्रसंग आणि १९३३ यांची बरोबरी मी करत नाहीये, तेवढी अक्कल मला आहे. मला फक्त त्या वाक्याची ठेवण ओळखीची वाटली.

इतका वेळ मी छळ झालेल्या चांगल्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या. आता माझ्या पोटात कालवतं असं एक उदाहरण. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा एक चालक अपंग मुलांना आणि मोठ्यांना गाडीतून ने-आण करायचा. प्रवासी बहुतेक आशियाई वंशाचे. २००४ मध्ये तो ब्रिटिश नॅशनल पार्टीचा नगरसेवक म्हणून निवडून आला. हा पक्ष त्या वेळी फक्त गोऱ्यांना सदस्यत्व देत असे. कंपनीनं त्याला काढलं. त्याच्या वागण्याबद्दल एकाही प्रवाशाची तक्रार नव्हती. उलट त्याच्या आशियाई वंशाच्या वरिष्ठानंच त्याची उत्तम कर्मचारी म्हणून शिफारस केली होती. नोकरीला वर्ष भरलेलं नव्हतं, त्यामुळे अन्याय्य बडतर्फीचा दावाच त्याला करता येईना. २०१२ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं निकाल दिला, की राजकीय मतांमुळे काढलेल्या माणसाला दाद मागायची सोय असलीच पाहिजे. २०१३ मध्ये ब्रिटननं राजकीय मतासाठी काढलेल्यांपुरती किमान सेवेची ती अट उठवली.

त्या पक्षाचा मला तिटकारा आहे. त्या गाडीतल्या मुलांच्या आईच्या जागी मी असते तर रात्री झोप लागली नसती. पण निकाल मी दोनदा वाचला आणि तो बरोबर आहे असंच म्हणावं लागलं. न्यायालय त्याला निर्दोष म्हणत नव्हतं, त्याला ऐकून घ्या म्हणत होतं. गाडी कशी चालवली, मुलांना कसं वागवलं, प्रवाशांना भीती वाटते का, वाटत असेल तर त्याला दुसरं काम देता आलं असतं का, हे कुणीतरी विचारायला हवं होतं. मला जे मिळायला हवं होतं, ते त्यालाही मिळायला हवं होतं. हे लिहिताना मला अजून जड जातं.

यावर मालकांचं एक उत्तर ठरलेलं असतं: संस्था आमची, ठेवायचं कुणाला ते आम्ही बघू. सरकारी नोकरीत निदान राज्यघटनेचा आधार घेता येतो. खाजगीत तोही बहुतेक ठिकाणी लंगडा. अमेरिकेत भाषणस्वातंत्र्य देणारी घटनेची पहिली दुरुस्ती सरकारला अडवते, खाजगी मालकाला नाही. कॅलिफोर्नियासारख्या एखाद्या राज्यानं फार पूर्वीपासूनच खाजगी मालकालाही कामगाराच्या राजकारणात नाक खुपसायला बंदी केली, ती वेगळी. मला मालकांचं म्हणणं पूर्ण फेटाळता येत नाही. पक्षाच्या प्रवक्त्याला पक्षाविरुद्ध बोलल्यावर ठेवा, असं कोण म्हणेल? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५८ च्या १११ क्रमांकाच्या करारात राजकीय मतावरून नोकरीत भेदभाव नको असं म्हटलंय, आणि त्याच करारात अपवादही आहे: त्या विशिष्ट कामाची अंगभूत गरज असेल तर. मग विचारा ना, डायलिसिसच्या नर्सच्या कामाची अंगभूत गरज काय? स्थिर हात, चोख हात धुणं, मशीनचा अलार्म वाजला की जाग. मत नसणं ही त्या कामाची गरज कशी, ते मला कुणी अजून पटवून दिलेलं नाही.

उलट, मत गिळायची सवय लागलेली नर्स युनिटला महागात पडते. आमच्याकडे प्रत्येक पेशंटच्या रक्ताशी दर सेशनला शंभराहून अधिक लिटर पाण्याचा संबंध येतो, पातळ पडद्याच्या पलीकडून. ते पाणी बिघडलं तर काय होतं हे ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात १९९६ मध्ये दिसलं: पाण्यातल्या शेवाळसदृश जिवाणूंच्या विषानं एका डायलिसिस केंद्रातले पन्नासहून अधिक पेशंट दगावले. पाण्याची चाचणी रोज कुणीतरी करायची असते, आणि क्लोरीनचा आकडा वर आला तर सगळी मशीन थांबवा असं वरिष्ठाला तोंडावर सांगायचं असतं. मला काढल्यानंतर आमच्या युनिटमध्ये बोलायची धमक कुणात उरली असेल? त्याच संध्याकाळी मला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं गेलं. रात्री साडेनऊला एक सहकारी माझं लॉकरमधलं सामान पिशवीत घालून घेऊन आली. बूट, स्टेथोस्कोप, अर्धी वापरलेली हँडक्रीम. “वर येत नाही गं, कुणी बघेल,” म्हणाली आणि जिन्यातूनच वळली. तिच्यावर कर्ज आहे, दोन मुलं आहेत, मी तिला कधीच बोल लावणार नाही. पण माझ्या बडतर्फीचा खरा परिणाम काय झाला म्हणाल तर मी तो जिन्यात पाहिला.

पुन्हा उभं राहण्याबद्दल लोकांना काहीतरी तेजस्वी ऐकायचं असतं. माझ्याकडे तसं फारसं नाही. पहिले दोन महिने पहाटे साडेचारला जाग यायची आणि मी अंधारात बसून राहायचे. ‘राजीनामा दिलात तर चांगलं पत्र देऊ’ असं त्या खोलीत सुचवलं गेलं होतं. मी नाही म्हटलं ते धैर्यानं नव्हे, संतापानं. नंतर वकिलांकडून कळलं, की स्वतः राजीनामा दिला असता तर काढल्याबद्दल दाद मागायचा मार्ग जवळपास बंदच झाला असता. कधीकधी रागही कामी येतो. पुढे मी एक नोटीस पाठवली, थकलेले पैसे वसूल केले, आणि खटला केला नाही. ज्यांनी केला असता त्यांच्यापुढे मी मान लववते.

एक गोष्ट मात्र मला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. नोकरी हॉस्पिटलची असते, नोंदणी नर्सिंग कौन्सिलची. मी काही दिवस अशा भ्रमात होते की आपण नर्सच राहिलो नाही. बार्स्कींची गोष्ट वाचताना मी दचकले ती यामुळे. त्यांचा परवानाच सहा महिने गेला होता. माझा शाबूत होता. त्याचं नूतनीकरण करायला गेले तेव्हा खिडकीपलीकडच्या माणसानं फॉर्म घेतला, शिक्का मारला, वर बघितलंही नाही. इतक्या थंड वागणुकीचा इतका आधार मला पूर्वी कधी वाटला नव्हता.

मुलाखतीत ‘आधीची जागा का सोडली’ हा प्रश्न येतोच. पहिल्या दोन ठिकाणी मी ‘घरगुती कारण’ म्हटलं. त्यांनी जुन्या ठिकाणी फोन केला, आणि पुन्हा बोलावणं आलं नाही. काढलेलं लपत नाही, वर खोटारडेपणाचा डाग लागतो. तिसऱ्या ठिकाणी मी खरं सांगायला गेले आणि वीस मिनिटं बोलत सुटले. समोरच्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून कळलं की आता त्यांना माझी भीती वाटतेय. मग मी एकच वाक्य घोटून ठेवलं: राजकीय मतांमुळे काढलं, कामाबद्दल तक्रार नव्हती, हे कागद बघा. कागद म्हणजे माझे जुने वार्षिक अहवाल आणि फिस्टुला-संसर्गाचे ऑडिट तक्ते, ज्यांच्या प्रती मी निव्वळ सवयीनं घरी ठेवल्या होत्या. त्यांत कुणा पेशंटचं नाव नव्हतं. हॉस्पिटलनं दिलेल्या प्रमाणपत्रात फक्त दोन तारखा होत्या.

मधल्या काळात मी घरोघरी जाऊन पेशंटना पोटाचं डायलिसिस शिकवलं, म्हणजे रक्ताच्या मशीनऐवजी पोटात द्रव सोडून घरीच करायचं ते. मास्क लावा, हात धुवा, क्लॅम्प बंद, मग जोडा. शिकवणं वेगळंच असतं. आपल्या हातात काही राहत नाही, समोरच्याच्या हातात जातं. तिथे माझी मतं कुणी विचारली नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्या आठ महिन्यांत मला मतं नव्हतीच. सभा टाळल्या. बातम्या बंद केल्या. विरकोवनं वुर्झबर्गला दिलेल्या हमीबद्दल कुणी नाक मुरडलं तर मला आता त्याची बाजू घ्यावीशी वाटते. माणसाला आधी श्वास घ्यायचा असतो.

सध्या जिथे आहे ते छोटं केंद्र आहे, सहा मशीनचं. तिथल्या इन्चार्ज सिस्टरनी माझं एक वाक्य ऐकून घेतलं, कागद चाळले आणि म्हणाल्या, “ते राहू दे. आत एक फिस्टुला आहे, कालपासून कुणाला सापडत नाहीये. बघता का?” मी बघितला. कोपराच्या वर, आतल्या बाजूला, खोल. बोटं आठ महिन्यांनी त्या थरथरीवर टेकली तेव्हा मला क्षणभर सुई उचलताच येईना.

नेमणुकीच्या करारात एक ओळ होती: कर्मचारी कोणत्याही राजकीय कार्यक्रमात भाग घेणार नाही. मी म्हटलं, ‘ड्युटीवर आणि युनिफॉर्ममध्ये असताना’ एवढं जोडा, मग सही करते. इन्चार्ज सिस्टर आत गेल्या, दहा मिनिटांनी आल्या, आणि पेननंच तेवढे शब्द वर लिहून बाजूला छोटी सही केलेली मला दाखवली. इतकं साधं असतं हे, कुणाला करायचं असेल तर.

मी पुन्हा बोलायला लागलेय, पण पूर्वीसारखं नाही. बोलण्याआधी कुणाचा मोबाइल वर आहे का ते बघते, आणि बघते याची लाजही वाटते. परवा एका सभेला ड्युटीवरून तशीच गेले. खुर्चीत बसल्यावर लक्षात आलं, ओळखपत्र गळ्यातच आहे. घाईघाईनं काढून पर्समध्ये कोंबत होते तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, “नर्स आहात?”

“आहे,” मी म्हटलं. “उद्या सकाळी सहापासून.”